डाव्या कानावरचे तीन पांढरे

भाची : मागून काढ फक्त. चेहरा येता कामा नये.

मावशी : मागून काढल्यावर चेहरा कुठून यायला? सरळ बस. खांदे खाली कर. अगं, फोटोला बसलीयेस का दाढ उपटायला?

भाची : दार नीट लागलंय ना?

मावशी : लागलंय. इथे या लाकडी डोक्यांशिवाय कोणी नाही, आणि ती तुझ्याहून टकली आहेत. सोड तो रुमाल.

भाची : हसू नकोस हं.

मावशी : चाळीस वर्षं केसांचे टोप बनवतेय. लोकांची डोकी बघण्यातच जन्म गेला, एकालाही हसले नाही. तुला कशी हसेन? बघू... अगं! हे तर पेरभर आलेत की!

भाची : हात नको लावूस. मांजराच्या पिल्लाच्या अंगावर असतात तसे आहेत. काढ पटकन, मला चारच्या आत पाठवायचाय.

मावशी : कोणाला?

भाची : आहे एक.

मावशी : 'आहे एक' म्हणजे कोण? शेवटची केमो होऊन चार महिने झाले, अजून सख्ख्या आईला डोकं दाखवत नाहीस. रुमाल बांधून झोपतेस म्हणून ती माझ्याकडे फोनवर रडते. आणि या 'आहे एक'ला फोटो?

भाची : म्हणून तर तुझ्याकडे आले. आई शंभर प्रश्न विचारते.

मावशी : मी एकच विचारते. कोणाला?

भाची : केसांच्या तेलाची कंपनी आहे. सगळं फोनवरच असतं त्यांचं. तिथल्या सल्लागार ताई फार चांगल्या आहेत गं. रोज विचारतात, जेवलात का, झोप लागली का. आज त्यांच्या सहा महिन्यांच्या उपचाराची यादी बंद होतेय, चार वाजता. त्याआधी 'आधीचा' फोटो द्यायचा. मग सहा महिन्यांनी 'नंतरचा'.

मावशी : आधीच्या फोटोचं काय करतात ते?

भाची : नोंदीला ठेवतात.

मावशी : कसली नोंद?

भाची : मावशी, तू काढतेस का मी आरशात बघून काढू?

मावशी : काढते गं बाई. चष्मा तर सापडू दे. तोवर मला सांग, हे तेल डॉक्टरांना दाखवलंस?

भाची : ताई म्हणाल्या, एवढ्यात सांगू नका.

मावशी : का म्हणे?

भाची : डॉक्टर उगाच घाबरवतात. त्यांना फक्त गोळ्याच माहीत. गोळीने मुळं बंद होतात, मग तेल आत जातच नाही. आधी शरीर साफ व्हायला हवं.

मावशी : थांब, थांब. कुठली गोळी?

भाची : आहे एक.

मावशी : मी काय विचारतेय?

भाची : रोजची. पांढरी.

मावशी : पाच वर्षं एक दिवस चुकवायची नाही म्हणून डॉक्टरांनी सांगितलेली? तो आजार परत येऊ नये म्हणून दिलेली?

भाची : थोडे दिवसच बंद ठेवायची होती.

मावशी : कधीपासून घेतली नाहीस?

भाची : शुक्रवारपासून. आज चौथा दिवस.

मावशी : अगं, डोकं ठिकाणावर आहे का तुझं? केसांपायी जीव टांगणीला लावलास?

भाची : ओरडू नकोस! तुला काय कळणार? पुढच्या सोमवारी मला कामावर जायचंय. दीड वर्षाने. तिथे सगळ्या जणी आधी माझ्या डोक्याकडे बघणार, मग 'बरी आहेस ना' म्हणणार. आणि गोळीने केस विरळ होतात हे खोटं नाहीये. गोळीच्या कागदावरच छापलंय. मी वाचलंय.

मावशी : मग त्या कागदावर 'गोळी बंद करून आमच्या ताईंना फोन करा' असंही छापलंय का?

भाची : मला माहीतच होतं तू असं बोलणार.

मावशी : बिस्किटांच्या कारखान्यात तुझं काम काय? पट्ट्यावरून मधूनच एक पुडा उचलायचा आणि फोडून बघायचा. पगार कशाचा मिळतो? वेष्टनावर विश्वास न ठेवण्याचा. आणि इथे बाई न फोडताच पुडा पास!

भाची : न बघता नाही! मी डोळ्यांनी बघितलंय. सहा जणींचे व्हिडिओ आहेत. खऱ्या बायका आहेत, हसतात, बोलतात, केस विंचरतात. थांब, दाखवतेच तुला. मग बोल. हे बघ. ही आधी. हे सहा महिन्यांनी.

मावशी : हं.

भाची : बघितलंस? खांद्यापर्यंत आलेत. कंगवा फिरवतेय बघ कशी. मी हा किमान पन्नास वेळा पाहिलाय. रात्री झोप नाही आली की हाच बघते.

मावशी : पुन्हा लाव.

भाची : आता कशी गप्प झालीस!

मावशी : पुन्हा लाव म्हटलं ना. आणि तिने मान उजवीकडे वळवली की थांबव. इथे. मोठं कर. अजून. ते भिंग दे मला, टेबलावरचं.

भाची : काय बघतेस?

मावशी : डावा कान.

भाची : कानाला काय झालंय?

मावशी : कानाला काही झालेलं नाही. कानाच्या वर बघ. किती पांढरे दिसतात?

भाची : दोन... तीन. मग? असतात बायकांना पांढरे केस.

मावशी : असतात. आता दुसरी बाई काढ. ती कुरळ्या केसांची. हिचा डावा कान दाखव. मोज.

भाची : ...तीन.

मावशी : पुढची.

भाची : हिचे बारीक कापलेत. हिचे... मावशी, हिलापण तीनच आहेत. तिथेच.

मावशी : बस खाली. नाही, त्या स्टुलावर नको, तो डगमगतो. इथे बस.

भाची : काय आहे हे?

मावशी : माझे टोप आहेत ते.

भाची : काहीतरीच काय!

मावशी : मला हे काम मामंजींनी शिकवलं. तुला आठवत नसतील ते, तू लहान होतीस. ते म्हणायचे, सूनबाई, सगळे केस सारखे काळेभोर बसवलेस तर ते डोकं वाटणार नाही, टोपी वाटेल. त्यात एक खोड घाल, म्हणजे बघणाऱ्याला शंका येत नाही. त्यांची खोड म्हणजे भांगात एक चुकार बट. माझी खोड ही. डाव्या कानाच्या वर तीन पांढरे. आजवर एकही टोप त्याशिवाय दिला नाही. गिऱ्हाइकालाही सांगत नाही.

भाची : योगायोग असेल.

मावशी : एकीचा योगायोग. तिघींचा नसतो. थांब, ते वरचं खोकं काढ. प्रत्येक कामाची एक बट मी पुठ्ठ्यावर चिकटवून ठेवते, पुढे दुरुस्तीला रंग जुळवायला लागते. गेल्या वर्षीचा पुठ्ठा... हा बघ. 'नाटकासाठी. बायकी टोप, सहा. सगळे एका मापाचे.' एक गोड बोलणारा माणूस आला होता. पुढ्यात फोन धर. रंग बघ. तपकिरीची झाक बघ.

भाची : तोच आहे.

मावशी : सहा टोप. त्यांनी कापले, कुरळे केले, एकाला मेंदीचा रंग दिला. मेहनत घेतलीय मेल्यांनी! मी त्याला म्हटलं, नाटक कुठलं, प्रयोग कधी, मी येते बघायला. तर म्हणे, 'कळवतो.' आणि सहा नट्यांची डोकी एका मापाची कशी, हे मी विचारलंच नाही. चाळीस वर्षांत कोणी एका मापाचे सहा मागितले नव्हते. काम मोठं होतं, मी खुशीत होते. माझी अक्कल तेव्हा कुठे शेण खायला गेली होती कोण जाणे.

भाची : केमो सुरू झाली तेव्हा तू म्हणाली होतीस, मी तुला टोप करून देते.

मावशी : हो. आणि तू म्हणालीस, मला खोटे केस नकोत.

भाची : आणि तुझेच खोटे केस बघून मी...

मावशी : पन्नास वेळा.

भाची : रोज रात्री. मावशी, मला हसू येतंय आणि रागपण येतोय.

मावशी : दोन्ही येऊ दे. पण एक अजून बघायचंय मला. त्यांचे 'आधीचे' फोटो दाखव.

भाची : हे.

मावशी : अं... हे खोटे नाहीत. ही टाळू खरी आहे. ही कातडी अशी दिसते ती औषधानेच, रंगाने आणता येत नाही. आणि बघ, सगळे मागून काढलेत. कोणी घरच्या खुर्चीवर बसलंय, कोणी पलंगाच्या कडेला. एकीचाही चेहरा नाही. एकीच्या खांद्यावर तर रुमालपण आहे.

भाची : चेहरा येता कामा नये, असं मीच आत्ता तुला...

मावशी : त्या बायकांनीही कुणाला तरी असंच सांगितलं असणार. आधीच्या बायका खऱ्या, नंतरच्या खोट्या. आलं लक्षात, तुझा फोटो कशासाठी हवाय ते?

भाची : माझ्या डोक्याशेजारी तुझा टोप लावणार होते.

मावशी : आणि तो बघून आणखी एखादी बाई गोळी बंद करणार होती. पाठवला नाहीस ना अजून कुठला?

भाची : नाही. घरी दोनदा काढायला गेले, दोन्हीदा आरशात चेहरा येत होता. एकही नाही पाठवला.

मावशी : देवा, वाचवलंस. अगदी थोडक्यात वाचवलंस.

भाची : फोन वाजतोय. त्याच आहेत.

मावशी : उचल. स्पीकरवर टाक.

भाची : मला नाही जमणार. त्या इतक्या गोड बोलतात की मला 'नाही' म्हणताच येत नाही.

मावशी : मी आहे ना इथे. 'नाही' नको म्हणूस. तुझ्या कारखान्यातल्यासारखं कर. पुडा फोड आणि बघ आत काय आहे.

भाची : हॅलो.

सल्लागार : ताईऽ, नमस्कार! कशी आहे माझी ताई? फोटो आला नाही, म्हटलं आपणच फोन करावा. आवाज बसलाय हो. दगदग करू नका. गोळी नाही ना घेतलीत परत?

भाची : नाही.

सल्लागार : शाब्बास! थकवा येतोय ना, म्हणजे घाण बाहेर पडतेय. आता फक्त फोटो पाठवायचा आणि मी दिलेल्या लिंकवर 'होय' दाबायचं. बारा मिनिटं राहिलीत आणि दोनच जागा आहेत. मी तुमच्यासाठी धरून ठेवलीय एक.

भाची : परवापण दोनच होत्या.

सल्लागार : एकींनी नाव मागे घेतलं ना. नशीब म्हणा तुमचं!

भाची : मला त्या पहिल्या व्हिडिओतल्या ताईंशी बोलायचंय. दोनच मिनिटं.

सल्लागार : त्या ना... त्या सध्या परगावी आहेत.

मावशी : परगावी फोन लागत नाही वाटतं?

सल्लागार : कोण बोलतंय?

भाची : माझी मावशी आहे.

सल्लागार : अच्छा, मावशी, नमस्कार! ताई, मी तुम्हाला बोलले होते ना, घरच्यांसमोर हा विषय नको. जवळची माणसंच मागे खेचतात. त्यांना तुमचं दुःख नाही कळत, मला कळतं.

भाची : गोळी बंद करा, हे तुम्हाला कोणी सांगितलं?

सल्लागार : आमची तज्ज्ञांची टीम आहे.

भाची : एक नाव सांगा त्यातलं. डॉक्टरचं.

सल्लागार : अहो, खूप जण आहेत, असं एक नाव...

भाची : एकच मागतेय मी.

सल्लागार : ताई, आज असं का बोलताय? आपलं किती छान नातं आहे.

मावशी : बाळ, मी एक विचारू? या तेलाने पांढरे काळे होतात म्हणे.

सल्लागार : शंभर टक्के, मावशी! एकवीस दिवसांत.

मावशी : मग तुमच्या सगळ्या बायकांचे डाव्या कानावरचे तीन तेवढे का राहिले?

सल्लागार : ...प्रत्येकाची प्रकृती वेगळी असते.

मावशी : प्रकृती वेगळी, आणि कान सारखा? आकडापण तोच?

सल्लागार : ताई, तुमचा वेळ संपतोय. यादी बंद झाली की मी काही करू शकणार नाही. उद्या केस आले नाहीत तर आम्हाला दोष देऊ नका. जन्मभर रुमाल बांधून फिरावं लागेल.

भाची : फिरेन. फिरायला मी असेन तरी.

सल्लागार : ताई, रागावू नका...

भाची : रागावले नाही. मला तुमचं काही नको. तेल नको, यादी नको. माझा नंबर काढून टाका आणि रोज माझ्या झोपेची चौकशी करू नका.

मावशी : फोन ठेवायच्या आधी एक सांग गं. तू स्वतः लावतेस हे तेल?

सल्लागार : ...मला जे लिहून देतात ते मी वाचते, मावशी. आमचे फोन रेकॉर्ड होतात. ठेवते.

भाची : ठेवला.

मावशी : पोरगी लहानच वाटली आवाजावरून. असो. तिचं तिच्यापाशी. आधी तो नंबर बंद करून टाक. आणि बँकेत सांग, तुझ्या खात्यातून त्यांना काही जाता कामा नये. असली माणसं एकदा 'होय' दाबलं की दर महिन्याला आपलं आपण ओढून घेतात.

भाची : 'होय' दाबलं नव्हतं अजून. दोन बाटल्या तेवढ्या घेतल्या, त्या रोख. तरी बँकेला सांगते. मावशी, अंगातला ताण एकदम गेल्यासारखा वाटतोय.

मावशी : जाऊ दे. चार दिवस मुठीत धरून ठेवलेलं सुटतंय.

भाची : मी एवढी मूर्ख कशी? लोकांना मी 'ताक फुंकून पिणारी' वाटते.

मावशी : मूर्ख नाहीस. तू एकटी होतीस. ते आमचं चुकलं.

भाची : तुमचं काय चुकलं?

मावशी : आम्ही सगळे लांबून 'धीर धर, धीर धर' करत बसलो. तुझी आई तुला विचारण्याऐवजी मला विचारायची, आणि मी... मी फोन हातात घ्यायचे आणि परत ठेवायचे. म्हटलं, काय बोलू? टोपाचं काढलं तर तुला लागेल, नाही काढलं तर दुसरं बोलायचं काय? मी घाबरले होते गं. आणि तिकडे ती भाडोत्री रोज विचारत होती, झोप लागली का. मी एकदा तरी विचारायला हवं होतं.

भाची : आता विचार.

मावशी : लागली का काल झोप?

भाची : नाही.

मावशी : मलाही नाही. माझ्या गुडघ्याने छळलं.

भाची : मावशी, एक राहिलंय सांगायचं. ऐकून रागावू नकोस.

मावशी : अजून काही आहे? सांगून टाक, आज माझी छाती दगडाची आहे.

भाची : दुसरी बाटली मी माझ्यासाठी नव्हती घेतली. दवाखान्यात माझ्या शेजारच्या खाटेवर गणिताच्या बाई होत्या बघ, साठीच्या, सारख्या नर्सच्या चुका काढणाऱ्या. त्यांनाही हीच रोजची गोळी आहे. त्यांना मी गुरुवारी बाटली नेऊन दिली. आणि म्हटलं, गोळी थांबवा, मीपण थांबवतेय.

मावशी : अरे देवा.

भाची : त्या माझं ऐकतात गं. दुसऱ्या कुणाचं ऐकत नाहीत, माझं ऐकतात. माझ्यामुळे त्यांनी चार दिवस...

मावशी : फोन लाव. आत्ताच. आधी दवाखान्यात लाव, तुझी गोळी विचार. मग बाईंना लाव. माझ्यासमोर बोलायला लाजणार असशील तर गॅलरीत जा, पण दार उघडं ठेव.

(भाची फोन घेऊन गॅलरीत जाते. मावशी पुठ्ठ्यावरची बट निरखत बसते. बऱ्याच वेळाने भाची आत येते, तेव्हा तिचे डोळे ओले आहेत.)

मावशी : बोल. चांगलं आधी सांग, वाईट नंतर.

भाची : वाईट नाहीच आहे काही. नर्सताई ओरडल्या नाहीत. मला वाटलं होतं झाडतील. म्हणाल्या, चार दिवसांनी आभाळ कोसळत नाही, पण पाचवा दिवस होऊ देऊ नका. राहिलेल्या गोळ्या एकदम घ्यायच्या नाहीत, आजची तेवढी आजच घ्यायची, आणि उद्या अकराला डॉक्टरांना भेटायचं.

मावशी : आणि केसांचं?

भाची : तेही विचारलं मी. म्हणाल्या, गोळीने विरळ वाटत असतील तर डॉक्टरांना सांगा, त्यावर बघता येतं. 'हे आम्हाला का नाही विचारलंत हो?' एवढंच म्हणाल्या. त्यावर मला रडू आलं.

मावशी : येणारच. आणि बाई?

भाची : बाईंनी बाटली उघडलीच नाही!

मावशी : काय सांगतेस!

भाची : एक गोळीही चुकवली नाही. मी म्हटलं, बाई, मी तुम्हाला एवढं पटवून सांगितलं होतं. तर म्हणाल्या, 'पटलं होतं. पण मी गणित शिकवलंय. व्हिडिओला मी पुरावा मानत नाही. तुझे केस येईपर्यंत थांबायचं ठरवलं होतं.' बाटली खिडकीत आहे, पडदा उडू नये म्हणून ठेवलीय.

मावशी : अगं, ही बाई सोन्याची आहे! तिला घेऊन ये इकडे एकदा.

भाची : मी चूक केली, आणि ती त्यांच्यापर्यंत पोचलीच नाही. मला अजून खरं वाटत नाहीये. पाय एकदम हलके झालेत.

मावशी : माझेही. मगापासून छातीवर पाटा ठेवल्यासारखं झालं होतं. आता ऐक. उद्या दवाखान्यातून परस्पर पोलिसांकडे जाऊ. पुठ्ठा घेते, त्या माणसाने दिलेला नंबर आहे, तुझ्या फोनमधले सगळे निरोप आहेत. पुसू नकोस काही.

भाची : ते म्हणतील, यात टोपांचा काय संबंध?

मावशी : मग मी त्यांना कान दाखवीन. आणि यापुढे या दुकानात नियम एकच. आधी डोकं दाखवायचं, मग टोप. नाटकवाला असो नाहीतर राजा.

भाची : मला देशील एक? सोमवारसाठी.

मावशी : तुला तर खोटे नको होते.

भाची : तेव्हा नको होते. आता मी कामावर सगळ्यांना सांगेन, हा टोप आहे, माझ्या मावशीने केलाय, हात लावून बघा. मग तो खोटा कसा?

मावशी : टोप कधीच खोटा नसतो गं. तो घालून कोणी खोटं बोललं, तर तो माणूस खोटा. बस इकडे, माप घेते. मान वर. हं... कपाळ अगदी आईचं आहे तुझं.

भाची : हात लावलास तरी चालेल. मघाशी उगाच नको म्हटलं.

मावशी : मऊ आहेत. आणि चांगले दाट येतील असे आहेत, मला विचारशील तर. पण माझं ऐकू नकोस, उद्या डॉक्टरांना विचार.

भाची : हो.

मावशी : गोळी आहे का जवळ?

भाची : पर्समध्येच असते. चार दिवस घेतली नाही, पण बाहेर काढून ठेवायचा धीर नाही झाला.

मावशी : मग काढ. आणि हे पाणी घे.

भाची : माप घेऊन झालं की घेते.

मावशी : माप कुठे पळून जात नाही. आत्ता.

भाची : बरं बाई. ही घेतली. झालं समाधान?

मावशी : आ कर. बघू दे, गेली का.

भाची : मावशी, मी एकेचाळीस वर्षांची आहे.

मावशी : असशील. आ कर.